गाडी लागते, हे आधी सांगा

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. थोडं आखूड करून देते.

"ताई, मी गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत राहते. अंगणवाडी सेविका होते, आता निवृत्त आहे. आमचे हे एस.टी.त चालक होते. गुहागर-चिपळूण-कराड, कुंभार्ली घाटाने, तीस वर्षं. मुलाने आम्हा दोघांची युरोपची दहा दिवसांची ग्रुप टूर बुक केली आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात निघायचं, रोमपासून सुरुवात आणि पुढे सगळा प्रवास बसने. तो स्वतः येणार नाही. बाकीची मंडळी मुंबई-पुण्याची. हे आत्तापासूनच म्हणतायत, मला ड्रायव्हरच्या मागची सीट पाहिजे, तो गाडी कशी मारतो ते मी बघणार. आणि मला गाडी लागते, ताई. एस.टी. ड्रायव्हरची बायको आणि तिला गाडी लागते म्हटलं तर लोक हसतील, म्हणून उभ्या जन्मात कोणाला सांगितलं नाही. ह्यांनाही नाही. खिडकीशी बसते, तोंडात आमसूल धरते आणि निभावते. पहिल्याच दिवशी त्या सगळ्यांसमोर उलटी झाली तर? इंग्रजी दोघांनाही येत नाही. जावं की नको? आणि जायचं तर खायला काय न्यावं? सुकट चालेल का?"

ताई, जा. जावं की नको हा प्रश्नच नाही. मुलाने पैसे भरलेत, व्हिसा झालाय, आणि त्या वेळी तुमच्याकडे आंबा आवरलेला असतो. पण निघायच्या आधी टूरच्या ऑफिसात एक फोन करा. मुलाला करायला लावू नका, तुम्ही स्वतः करा. बोलायचं एकच वाक्य: "मला गाडी लागते, मला पुढच्या चार रांगांत खिडकी लागेल." पलीकडची मुलगी हसणार नाही. रोज कोणीतरी तिला हेच सांगत असतं. ती तुमच्या नावापुढे लिहून ठेवेल आणि टूर मॅनेजरला कळवेल.

आधी का सांगायचं, तर अशा टूरमध्ये बहुतेक ठिकाणी सीटा रोज फिरतात. आज पहिली रांग ज्यांना मिळाली ते उद्या दोन-तीन रांगा मागे जातात, म्हणजे पुढची काच सगळ्यांच्या वाट्याला येते. पद्धत चांगली आहे. फक्त तुमच्यासारखीला चौथ्या दिवशी मागच्या चाकावरची सीट आली की संपलं. ज्यांनी आधी सांगितलेलं असतं त्यांना शक्यतो या फेऱ्यातून सोडवतात. बसच्या दारात उभं राहून, चेहरा पांढरा करून सांगणारीला सहानुभूती मिळते, जागा मिळत नाही. तोवर लोकांनी सीटांवर पर्सा, टोप्या, शाली ठेवून झालेल्या असतात. सीटवर रुमाल टाकायची आपली रीत परदेशात गेली तरी सुटत नाही.

आता ह्यांचं. तुम्ही म्हणता ह्यांना माहीत नाही. अहो, ज्या माणसाने तीस वर्षं आरशातून मागची माणसं बघत कुंभार्ली उतरवला, त्याला कोणाला गाडी लागते ते कळत नसेल होय? बोलले नसतील, एवढंच. सांगून टाका. सोबत हेही सांगा की तुमच्या गाडी लागण्यामुळे त्यांना पुढची सीट मिळतेय, म्हणजे रागावायला जागा उरणार नाही. मात्र ड्रायव्हरच्या थेट मागची सीट मागू नका म्हणावं. तिथून ड्रायव्हरच्या पाठीचं टेकण दिसतं, दुसरं काही नाही. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, स्टिअरिंग डाव्या हाताला असतं आणि प्रवाशांचं दार उजवीकडे. म्हणून उजवीकडची पुढची रांग मागा. तिथून रस्ताही दिसतो आणि स्टिअरिंगवरचे हातही. खिडकी तुम्हाला, पॅसेजची बाजू ह्यांना.

खिडकी म्हटलं खरं, पण त्या बसच्या खिडक्या उघडत नाहीत, हे आजच मनात घेऊन ठेवा. तुमचा सगळा भरवसा वाऱ्यावर आहे, तो तिथे नाही. वरच्या गोल झडपेतून एसीची हवा येते, ती तोंडावर घ्यायची. गाडी का लागते, तर कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय, आणि डोळे समोरच्या सीटच्या पाठीवर असले तर ते सांगतात की आपण बसलोय. दोघांचं जमत नाही आणि निस्तरावं पोटाला लागतं. म्हणून नजर लांब रस्त्यावर ठेवायची. मोबाईलवर मुलाचे मेसेज वाचायचे नाहीत, ते थांब्यावर. रिकाम्या पोटी बसायचं नाही आणि नाश्त्याचं भरपेट खाऊनही नाही. गोळ्या मिळतात, पण त्या बस सुटायच्या अर्धा-एक तास आधी घ्यायच्या असतात. मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही. त्यांनी झोप येते, आणि काचबिंदूसारखं काही असेल तर काही गोळ्या चालत नाहीत, म्हणून चिपळूणला डॉक्टरांना विचारूनच घ्या. एकदा घरच्याच प्रवासात घेऊन बघा, पहिली गोळी रोममध्ये नको. विमानात समोरच्या खिशात कागदी पिशवी असते, ती उतरताना पर्समध्ये टाका. आमसूल आहेच.

आणि एक दिलासा. विमानतळापासून रोम शहर साधारण 30 किलोमीटर, रस्ता सपाट. पहिल्या दिवशी घाट नाही. पुढे स्वित्झर्लंडकडे वळणं लागतील, तोवर तुमचं तंत्र बसलेलं असेल.

ह्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहिते, कारण बस कशी चालते हे त्यांना कळलं तर पहिल्या दिवशीचे निम्मे वाद होणारच नाहीत. युरोपात ड्रायव्हरच्या तासांचा कायदा कडक आहे. साडेचार तास चालवलं की 45 मिनिटं विश्रांती, तुकड्यांत घेतली तरी चालते. दिवसाला 9 तास चालवायचं, आठवड्यातून दोन दिवस 10 पर्यंत. आणि रोज सलग 11 तास विश्रांती, जी आठवड्यातल्या मोजक्या दिवशी 9 पर्यंत खाली आणता येते. हे सगळं टॅकोग्राफ नावाचं यंत्र आपोआप टिपत असतं. त्यात ड्रायव्हरचं स्वतःचं कार्ड घातलेलं असतं आणि पोलीस रस्त्यात थांबवून ते तपासतात. लॉगशीटवर मागाहून लिहिता येतं, याच्यावर नाही. वेगही आधीच बांधलेला, ताशी 100 च्या वर इंजिन जाऊच देत नाही.

याचा तुमच्याशी संबंध असा. ग्रुप रात्री जेवायला रेंगाळला आणि बस हॉटेलवर नऊऐवजी साडेदहाला लागली, तर ड्रायव्हरचे 11 तास साडेदहापासून मोजायचे. 9 तासांची सवलत वापरून झालेली असली, तर सकाळी आठला निघायचं ठरलेलं असूनही तो किल्ली लावणार नाही. मग लोक म्हणतात ड्रायव्हर आडमुठा, टूर मॅनेजर बावळट. वस्तीची गाडी घेऊन गेलेल्या माणसाला, रात्री कोणाच्या तरी पडवीत पाठ टेकून पहाटेची फेरी काढलेल्या माणसाला हा कायदा ऐकून काय वाटेल, ते मला मुद्दाम कळवा.

सीटबेल्ट लावायचा. एस.टी.त सवय नसते, तिथे सक्तीचा आहे.

आता तो पहिला दिवस. खरं तर तो रोमला सुरू होत नाही, तुमच्या अंगणात सुरू होतो. रात्रीच्या विमानासाठी त्याच दिवशी सकाळी घरून निघायचा बेत असेल तर तो आजच बदला. महामार्गाचं काही सांगता येत नाही, आणि सात-आठ तास गाडीत अंग हलवून मग विमानात बसलं की तुमची मळमळ मुंबईतच सुरू. आदल्या दिवशी चिपळूणहून रेल्वेने जा, मुंबईत कोणाकडे तरी झोपा, आंघोळ करून ताज्या अंगाने विमानतळावर जा. परतताना जूनचा मध्य आलेला असेल, कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलेलं असू शकतं. तिकीट काढताना गाडीची वेळ नव्याने बघा, जुन्या पाठांतरावर जाऊ नका.

रोमला उतरल्यावर पासपोर्टची रांग. ती लांब असेल. युरोपात 12 ऑक्टोबर 2025 पासून नवी पद्धत सुरू झाली आहे, पासपोर्टवरच्या शिक्क्याच्या जागी संगणकात नोंद करतात. चेहऱ्याचा फोटो घेतात, आणि व्हिसाच्या वेळी दिलेल्या बोटांच्या ठशांशी तुमची बोटं ताडून बघतात. रेशनच्या दुकानात अंगठा लागत नाही तसं इथे झालं तर घाबरायचं नाही. बोटं पुसायची, कोरडी फार असतील तर किंचित क्रीम चोळून पुन्हा पुसायची आणि परत टेकवायची. अधिकारी विचारलाच तर दोन गोष्टी विचारतो, कशाला आलात आणि किती दिवस. "टूरिस्ट, ग्रुप, टेन डेज." हे तीन शब्दगट पाठ करा आणि कार्यक्रमाचा छापील कागद व परतीचं तिकीट पुढे धरा. तेवढं इंग्रजी तुम्ही अंगणवाडीतल्या पोरांना शिकवलेलं आहे.

बाहेर झेंडा घेऊन टूर मॅनेजर उभा असेल, किंवा मुंबईपासूनच सोबत असेल. बसमध्ये बसलात की माईक फिरतो आणि प्रत्येकाने आपली ओळख सांगायची असते. तुमच्या पत्राच्या खाली मला खरी भीती याची दिसली, उलटीपेक्षाही. मुंबई-पुण्याची मंडळी, कोणी बँकेतून निवृत्त, कोणाचा मुलगा अमेरिकेत, आणि आपण वाडीतले. तुम्ही सांगा, "आम्ही गुहागरचे. हे एस.टी.त होते, मी अंगणवाडीत." एवढंच, आणि माईक पुढे द्या. त्या बसमध्ये दोन-चार घरं तरी अशी निघतील ज्यांचा कुलस्वामी आपला गुहागरचा व्याडेश्वर आहे आणि जे वर्षानुवर्षं म्हणतायत की एकदा जायला हवं. पुढच्या थांब्यावर ते तुमच्याकडे येतील. राहायची सोय कुठे, जेवण कोणाकडे चांगलं, रस्ता आता कसा आहे. दुपारपर्यंत बसमधली सगळ्यात जास्त विचारपूस तुमची झालेली असेल.

विमान सकाळी पोचलं तर हॉटेलची खोली लगेच मिळत नाही, ती दुपारी दोन-तीननंतर. म्हणून विमानातून उतरवून सरळ शहर दाखवायला नेतात. लोक यावर फार चिडतात. मीही चिडले होते. पण ते एका अर्थी बरं असतं, कारण खोली मिळाली असती तर तुम्ही झोपला असता आणि रात्री दोनला टक्क जाग्या. जूनमध्ये तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. संध्याकाळी साडेसातला जेवायला बसाल तेव्हा तुमच्या पोटाच्या घड्याळात अकरा वाजलेले असतात, आणि बाहेर मात्र लख्ख उजेड, पावणेनऊपर्यंत. दुपारी पडायचं नाही. रात्री नऊपर्यंत कसंही करून डोळे उघडे ठेवायचे.

रोमच्या जुन्या भागात मोठ्या बसला वाटेल तिथे जाऊ देत नाहीत. ठरलेल्या जागी उतरवतात, तिथून पंधरा-वीस मिनिटं चालत. रस्ते काळ्या दगडाच्या लहान लहान चिऱ्यांचे, मधे फटी. पहिल्या दिवशी शहरातल्या बायका नव्या बुटांनी पाय मुरगळून घेतात. तुम्ही पाखाड्या चढता-उतरता, तुम्हाला काही वाटायचं नाही. फक्त वापरून मऊ झालेलीच चप्पल किंवा बूट घाला, मुलाने आणलेले नवे नकोत. पाण्याची बाटली रिकामी झाली तरी विकत घेऊ नका. रस्त्याकडेला लोखंडी नळ असतात, वाकड्या नाकासारखी तोटी, सतत वाहणारे. 1874 पासून आहेत, शहरात अडीच हजारांच्या घरात. पाणी पिण्याचं आणि गार.

इथे माझी फजिती सांगते, म्हणजे तुमची टळेल. माझ्या पहिल्या टूरचा पहिला दिवस, तेच शहर. "पावणेसहाला आइस्क्रीमच्या दुकानासमोर जमा," असं सांगितलं. मी बहिणीला घेऊन बाथरूम शोधायला गेले आणि परत येऊन आइस्क्रीमच्या दुकानासमोर उभी राहिले. शिस्तीत, वेळेच्या पाच मिनिटं आधी. पाऊण तास उभी होते. त्या चौकात आइस्क्रीमची तीन दुकानं होती. माझा मोबाईल बंद, हॉटेलचं नाव माहीत नाही, मॅनेजरचा नंबर बॅगेत आणि बॅग बसमध्ये. अडतीस माणसं माझी वाट बघत उन्हात उभी. दुसऱ्या दिवशीचं निघणं त्यापायी उशिरा झालं, आणि दहा दिवस माझं नाव "आइस्क्रीमवाल्या ताई" पडलं ते पडलंच. तेव्हा जमायची जागा सांगितली की ह्यांना त्या जागेचा फोटो काढायला सांगा, दुकानाच्या पाटीसकट. मॅनेजरचा नंबर आणि हॉटेलचं नाव-पत्ता कागदावर लिहून दोघांच्याही अंगावर ठेवा. पासपोर्ट कपड्याच्या आत, चपट्या पिशवीत. रोमच्या गर्दीत खिसेकापू आहेत आणि ते फार सभ्य दिसतात.

बाथरूमचं पण सांगून टाकते, बायका हे विचारायला लाजतात. बसमध्ये असलं तरी बहुतेक वेळा कुलूपबंद. रस्त्यावरचं पैसे टाकून, म्हणून 50 सेंट आणि 1 युरोची नाणी वेगळ्या बटव्यात ठेवा. इटलीत "बार" अशी पाटी दिसली की दचकू नका, ते कॉफीचं दुकान असतं. काउंटरवर उभ्यानेच कॉफी घ्यायची, बसून घेतली की महाग पडते, आणि मग बाथरूम विचारायचं. कॉफी एवढीशी आणि कडू असते, ह्यांना द्या. पाण्याची सोय नसते, कागद असतो. एक छोटी बाटली पर्समध्ये असू द्या. हॉटेलच्या खोलीत मात्र कमोडशेजारी अजून एक बसकं भांडं दिसेल, नळ असलेलं. ते पाय धुवायचं नाही. ते आपल्याच कामाचं आहे. इटलीत 1975 च्या नियमाने घराघरात असतं, आणि पुढच्या देशांत गेल्यावर त्याची आठवण येते.

रात्री मॅनेजर सांगेल, "उद्या सहा-सात-आठ." म्हणजे सहाला उठवणार, सातला नाश्ता, आठला बस. मोठ्या बॅगा केव्हा खोलीबाहेर ठेवायच्या तेही विचारून घ्या. उद्याचे कपडे आणि औषधं काढून घेतल्याशिवाय बॅग बंद करू नका. खोलीचं दार आपोआप लागतं. कार्ड आत ठेवून गाउनवर बाहेर डोकवायचं नाही. मोबाईलच्या चार्जरच्या दोन गोल पिना तिथे बसतात.

आता खाणं. अख्खं सुकं खोबरं मोठ्या बॅगेत घालू नका, त्यातल्या तेलामुळे विमानात ते पेट घेणारं मानतात आणि मुंबईतच काढून ठेवतात. आंबे नेऊ नका. शेवटची पेटी राहिली म्हणून मोह होईल, पण युरोपात बाहेरून ताजी फळं आणायला झाडांच्या रोगराईचं प्रमाणपत्र लागतं. केळं, अननस, नारळ अशी मोजकीच फळं सुटतात, हापूस नाही. तूप, पेढे, खव्याचं काहीही नको, दुधाच्या पदार्थांना बंदी आहे. आंबापोळी, फणसपोळी, आमसुलं, पोह्यांचा चिवडा घ्या. फणसपोळी थोडी जास्तच घ्या, ओळखीच्या माईकनंतर वाटायला लागेल. एक तुकडा ड्रायव्हरला. ह्यांनी स्वतः नेऊन द्यावा, पहिल्या थांब्यावर, स्टिअरिंग धरल्यासारखे हात करून स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं की त्याला कळेल कोण आलंय.

सुकटीचं विचारलंत. मासे न्यायला कायद्याने आडकाठी नाही, स्वतःपुरते चालतात. पण ताई, त्या बसच्या खिडक्या उघडत नाहीत.